जी-एलने सुरू होणारे सगळे शब्द 'चमकणे'च का?

खाडीकाठची:
भाची सातवीत आहे, रत्नागिरीत. इंग्रजीच्या बाईंनी घरचा अभ्यास दिलाय, जी-एलने सुरू होणारे शब्द शोधा नि पुढे मराठी अर्थ लिहा. तिने ग्लिटर, ग्लीम, ग्लिंट, ग्लिमर, ग्लिसन, ग्लो सगळे काढले आणि डिक्शनरी उघडली तर प्रत्येकापुढे 'चमकणे'. मी म्हटलं ग्लिमरला 'लुकलुकणे' लिही. वही परत आली तर ते खोडलेलं, वर लाल पेनाने 'मंद चमकणे'. बाईंचं चुकलं असं पोरीसमोर म्हणता येत नाही, पण लुकलुकणे खरंच चूक आहे का? आणि बाकीच्यांना काय म्हणाल?

सड्यावरचा:
लुकलुकणे म्हणजे ट्विंकल ना, तारे लुकलुकतात, लांबून बघितलं तर रत्नदुर्गाकडचं दीपगृहपण. ग्लिमरला मिणमिणणे बसेल. पावसात लाइट जाते (जातेच), मग जी चिमणी लावतात ती मिणमिणते. उजेड अंधुक पाहिजे आणि हलता पाहिजे. बाईंचं 'मंद चमकणे' अर्थाला धरून आहे, पण असं बोलतं कोण?

मेतकूट:
भाषांतराच्या कामात हे शब्द सारखे आडवे येतात म्हणून लिहिते. ग्लिसन ही ओल्याची चमक, नुकताच होडीतून उतरवलेला बांगडा किंवा पावसानंतरचा जांभा, कोरडी वस्तू सहसा ग्लिसन होत नाही. ग्लिंट एकाच जागची नि क्षणभराची, कोयतीच्या धारेवर ऊन पडलं की दिसते ती. ग्लीम शांत असते, चिंचेने घासलेल्या समईची. ग्लिटरला एकटं राहून चालत नाही, पुष्कळ ठिपके लागतात, ते झगमगणे. आणि ग्लोला ज्वाळा नको असते, तो निखाऱ्याचा. निखारा चमकतो असं लिहिलेलं वाचलं की मला कसंतरीच होतं.

आडसर:
निखारो फुलता. धगधगता. चमकता ती पाठ. काल नारळ उतरवताना माझ्या पाठीत चमक भरली हा, ती पण जी-एलात खंय बसता काय बघा 😀

भिरंड:
एक मूळचीच गोष्ट कोणी बोलत नाही. अमरकोशात चंद्राची नावं काढून बघा, 'ग्लौर्मृगाङ्कः कलानिधिः'. ग्लौ म्हणजे चंद्र! ग्लो हा शब्द आपल्याकडूनच गेलाय, आपण मात्र त्यांच्या डिक्शनरीत अर्थ शोधत बसलोय.

मेतकूट:
ग्लौ शब्द आहे, खरं. पण तो ग्लै धातूपासून सांगतात, म्हणजे क्षीण होणे, ग्लानी त्यातलीच. चंद्र झिजतो म्हणून ग्लौ, म्हणजे ग्लोच्या बरोब्बर उलटं. नातंच लावायचं तर ग्लो, गोल्ड, येलो यांचं मूळ एकच धरतात, चकाकणारं पिवळंधमक काहीतरी, आणि त्या घराण्यातले आपल्याकडचे म्हणजे हिरण्य, हरित.

भिरंड:
आणि हरिद्रा! म्हणजे हळदपण आली त्यात. मग मी वेगळं काय म्हणालो?

सड्यावरचा:
तू चंद्र म्हणालास. असो. पण सगळे जी-एलवाले एका घरातले नाहीत. ग्लू लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला, ग्लोबपण लॅटिन, ग्लोव्हमध्ये तर उजेडाचा काही संबंधच नाही. सगळ्यात भारी ग्लॅमर, तो चक्क ग्रामरचा अवतार आहे. पूर्वी शिकलेल्या माणसाला मंत्रतंत्र येतात असं लोक धरून चालायचे, मग ग्रामर म्हणजे जादू, स्कॉटलंडात त्याचं ग्लॅमर झालं, वॉल्टर स्कॉटने ते इंग्रजीत रुळवलं, अर्थ होता नजरबंदी, आणि नटनट्यांना ते फार नंतर चिकटलं. म्हणजे शाळेत ज्या ग्रामरने आपल्याला रडवलं त्याची ही बहीण.
जी-एलसारख्या, एकाच अर्थाकडे नेणाऱ्या अक्षरजोड्यांना फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने 1930 साली फोनेस्थीम असं नाव दिलं, हे गृहस्थ आधी लाहोरला इंग्रजी शिकवत होते. एस-एन घेतलं की नाकाचे शब्द बघा, स्निफ, स्नीझ, स्नोअर, स्नॉर्ट, स्नाउट. मराठीत 'झ' तसाच आहे, झगमग, झळाळी, झळकणे, झिलई.

खाडीकाठची:
झोप, झाडू, झुरळ?

सड्यावरचा:
झुरळ चकाकतं, तेवढं धर.

जुनीपोथी:
वाचून वाईट वाटलं. हल्ली पार्लरमधून आलेली प्रत्येकजण 'ग्लो आलाय' म्हणते. कांती, तेज, तुकतुकी, तकाकी, लकाकी एवढं असताना हे उसनं कशाला? मोल्सवर्थ उघडून बघा किती शब्द पडलेत ते.

सड्यावरचा:
शुद्ध मराठी शोधायला 1831 चा इंग्रजाचा कोश, हे बरंय.

जुनीपोथी:
त्याने इथल्याच लोकांना विचारून गोळा केले. तेव्हाची माणसं बोलत होती ते.

खाडीकाठची:
बोलू देत हो, पण तकाकी पॉलिश मारलेल्या लाकडाला. लग्नात नवरीला 'चेहऱ्यावर काय तकाकी आलीय' म्हटलंत तर ती आधी रुमाल शोधेल. आणि तुकतुकीत आमच्याकडे बाळ असतं नाहीतर वांगं. ग्लो आला म्हटलं की सगळ्यांना कळतं, मला तरी त्यात पाप दिसत नाही. बरं, बाईंना चिठ्ठी लिहू का नको, तेवढं सांगा कोणीतरी.

मेतकूट:
ग्लॉकोमा राहिला. मराठीत काचबिंदू म्हणतो म्हणून पुष्कळांना तो ग्लासवरून आलाय असं वाटतं, पण तो ग्रीक ग्लाउकोसवरून, निळसर-करडा रंग.

आडसर:
आणि गलास म्हणजे काच तर आमचो स्टीलचो गलास कसलो? सोडा ता. तुमी दर्याक इसारलात. थंडीत रात्रीचा पाणी पेटता, होडयेच्या मागसून निळी रेघ येता, तेका तुमच्या इंग्रजीत काय म्हणतत?

मेतकूट:
नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव असतो, लॅटिनमध्ये अर्थ रात्रीचा दिवा असाच काहीसा. 2020 च्या नोव्हेंबरात देवगड, मुरुड, जुहू बऱ्याच ठिकाणी दिसला होता. इंग्रजी पेपरांनी ग्लो लिहिलं, मराठीत 'समुद्र चमकला'.

आडसर:
चमकता नाय, पेटता. हात घातलास तर पेटता, सोडलास तर इझता.

जुनीपोथी:
पाणी कसं पेटेल? तेज म्हणा, 'सागरतेज'.

सड्यावरचा:
सागरतेज म्हणजे लाँचचं नाव वाटतं, दाभोळ ते धोपावे.

भिरंड:
ढवळलं तरच दिसतं म्हणजे ग्लो नाही ना, ग्लो आपला आपण असतो. ग्लिमर म्हणा. आणि आता दिसतंय का कुठे? शनिवारी मालवणला यायचंय.

आडसर:
ये. पण चांदणा असला तर काय दिसाचा नाय, काळोख व्हयो.

मेतकूट:
म्हणजे ग्लो बघायला ग्लौ नसलेला बरा.

भिरंड:
🙏 शनिवारी कोणती तिथी आहे? आणि चिवला बीच बरा की तारकर्ली?

आडसर:
तिथी कालनिर्णयात बघ. चिवल्याक दिवे लय. देवबागेक जा, माझो मेव्हणो आसा थंय, होडी घेवन येयत. डिझेलचे पैसे मात्र तू दे.