ग्रेनडात ताईची आर्ट गॅलरी, बेळगावातून चित्रं पाठवायची का?

शहापूरचा_धाकटा
नमस्कार मंडळी. जरा लांबड लागणार आहे खरं वाचून सांगा. माझी ताई आणि भावजी ग्रेनडात असतात, कॅरिबियनमधलं बारकं बेट, भावजी तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकवतात. सेंट जॉर्जेस म्हणजे त्यांचं राजधानीचं गाव, तिथं बंदराच्या वरच्या अंगाला एका म्हाताऱ्या जोडप्याची छोटी आर्ट गॅलरी आहे, दोन खोल्या आणि मागं पडवी. त्यांना आता होईना म्हणून ते ताईला चालवायला घे म्हणायलेत. ताईचं जी.डी. आर्ट, म्हणजे चित्रकलेचा डिप्लोमा, झालंय, हात चांगला आहे, तिकडं घरात बसून कंटाळलीय. तर तिचं म्हणणं मी पण पैसे घालायचे, भागीदारी करायची आणि इथून चित्रं पाठवायची. आमचे बाबा ड्रॉइंग मास्तर, माळ्यावर त्यांच्या वॉटरकलरची थप्पी आहे, राजहंसगड, जांबोटीकडचं रान, खानापूरची कौलारू घरं, शनिवारचा बाजार. ओळखीचे दोन-तीन आर्टिस्ट पण माल द्यायला तयार आहेत. माझं कापडाचं दुकान आहे, धंदा कळतो, चित्रातलं ओ की ठो कळत नाही. आई म्हणते बहिणीला नाही म्हणू नको, बायको म्हणते आधी हिशोब बघा. काय करावं? आणि पाठवायचं झालं तर कसं?

जहाजावरचा_पोरगा
भावा मी क्रूझवर हाउसकीपिंगला होतो, ग्रेनडा आमच्या रूटवर होतं. गाव एक नंबर, बंदराभोवती डोंगरावर चढत गेलेली घरं, लाल कौलं. खरं गिऱ्हाईक समजून घे. जहाज सकाळी लागतं आणि संध्याकाळी सुटतं. तेवढ्यात निम्मी माणसं टॅक्सी करून ग्रँड आन्स बीचला पळतात, उरलेली टर्मिनलच्या आसपास हिंडतात, जायफळाच्या माळा, मसाल्याची पाकिटं, टी-शर्ट घेतात. जायफळ तर त्यांच्या झेंड्यावरच आहे. चढ चढून गॅलरीत येणारा थोडा, आणि आलेला पहिलं काय बघतो माहितीय का, हे माझ्या बॅगेत बसतंय का. कॅबिन एवढीशी, पुढं विमान. त्यामुळं पोस्टकार्ड ते वहीच्या कागदाएवढं जे असेल ते खपतं, भिंतभर कॅनव्हास बघून छान छान म्हणतात आणि जातात.

दुसरं, जहाजांची गर्दी नोव्हेंबर ते एप्रिल. नंतर बरीच जहाजं युरोपला नाहीतर अलास्काला जातात, गाव एकदम मोकळं. आणि 1 जून ते 30 नोव्हेंबर हरिकेनचा सीझन. ग्रेनडा खाली दक्षिणेला आहे, वादळं उत्तरेकडनं जातात असं तिथले लोक म्हणायचे, खरं 2004 च्या सप्टेंबरात आयव्हन आलं तेव्हा बहुतेक घरांचं नुकसान झालं, जायफळाच्या बागा आडव्या झाल्या. 2024 च्या 1 जुलैला बेरिल आलं ते शेजारच्या कॅरिआकूवर, ते बेट पण ग्रेनडाचंच. म्हणून भाडं किती ते नंतर विचार, छप्पर कसलं आहे आणि इन्शुरन्सचा हप्ता किती ते आधी विचार.

फ्रेमवाले_काका
वादळ कधीतरी येतं, ओल रोजची. आपल्याकडं कणकुंबी-जांबोटीत पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते की नाही, तिथं तसली हवा जवळजवळ बारा महिने आणि वर समुद्राचं मीठ. लोखंडी खिळा, तार, हूक काही महिन्यांत गंजतं आणि गंजाचा डाग कागदात उतरतो. स्टेनलेस नाहीतर पितळेचं सामान वापरायचं. फ्रेमच्या मागं एमडीएफ, म्हणजे भुशाचा दाबलेला बोर्ड, नको, फुगतं. चित्र भिंतीला चिकटवून टांगायचं नाही, मागं बोटभर फट पाहिजे, हवा खेळली पाहिजे. काचेला कागद टेकला तर चिकटून बसतो, म्हणून मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची पट्टी, पाहिजेच, तो पण ॲसिड-फ्री, नाहीतर चित्राचा कागद पिवळा पडतो.

पाठवायचं म्हणशील तर इथून काच घालून, फ्रेम करून अजिबात पाठवू नको. वजनाचे पैसे आणि वर फुटणार. कॅनव्हास असेल तर लाकडी ताणपट्टीवरनं काढून जाड नळीवर गुंडाळायचा, रंगाची बाजू बाहेर. लोक रंग आत ठेवून गुंडाळतात आणि मग दाबानं बारीक भेगा पडल्या की आर्टिस्टला शिव्या घालतात. ऑइलचं ताजं काम गुंडाळायचंच नाही, वरनं सुकलेलं दिसतं, आत महिनोनमहिने ओलं असतं. बाबांची वॉटरकलर कागदावर आहेत ना, ती सपाट, दोन कडक बोर्डांच्या मध्ये.

एक फुकटचा सल्ला. ताईला सांग फ्रेमिंगचं मशीन घे. माझ्याकडं चित्र विकत घेणारं गिऱ्हाईक महिन्यातनं एखादं, फ्रेम करून घेणारे रोज. तिथं मेडिकल कॉलेज आहे म्हणजे नवीन पोरांना डॉक्टरी कोट देतात त्या समारंभाचे फोटो, आई-बापांच्या भेटी, प्रोफेसरांची नवीन घरं. जहाजं नसतात त्या महिन्यांत त्यावरच दुकानाचं भाडं निघेल.

शहापूरचा_धाकटा
काका मस्त माहिती दिलात. फ्रेमिंगचं आमच्या डोक्यातच नव्हतं. एक सांगायचं राहिलं, भावजी म्हणतात तिथं भारतीय वंशाची माणसं बरीच आहेत, त्यांच्यासाठी एक इंडियन कॉर्नर करू, तिथं बाबांची चित्रं ठेवू. ते कसं वाटतं?

निपाणीची_सूनबाई
दादा मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. सासऱ्यांची गॅलरी मी आणि नणंद मिळून बघतो, त्यावरनं सांगते. तिथले भारतीय 1857 च्या 1 मे ला पोचलेल्या मेडस्टोन नावाच्या जहाजातून आणि नंतरच्या जहाजांतून मजूर म्हणून गेलेल्यांच्या पुढच्या पिढ्या, बहुतेक उत्तर भारताकडचे. त्यांना राजहंसगड बघून काय आठवणार? आपल्याला वाटतं, बेळगावनं के. बी. कुलकर्णींसारखे चित्रकलेचे मास्तर दिले, चित्रकार रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी, मग इथलं काम कुठं पण विकलं जाईल. काम चांगलं असणं वेगळं आणि गिऱ्हाइकानं घरी न्यावंसं वाटणं वेगळं. ग्रेनडाला आलेला माणूस ग्रेनडाच नेणार.

आणि त्यांच्याकडं चित्रकार नाहीत असं थोडंच आहे. कॅरिआकूचे कॅन्यूट कॅलिस्ट, 1914 ते 2005, कुठल्या आर्ट स्कूलला न जाता रंगवायचे, बेटावरचे नाच, लग्नं, होड्या, जलपरी, सगळं सपाट भडक रंगात. त्याच कॅरिआकूला लाकडी होड्या बांधतात, त्या कलेला युनेस्कोनं 2023 ला वारशाच्या यादीत घेतलं. ताईंनी पहिले सहा महिने नुसतं बेटभर फिरून कोण काय करतंय ते बघावं, त्यांचा माल कन्साइनमेंटवर ठेवावा, म्हणजे विकलं तर पैसे, नाहीतर चित्र परत. गॅलरीचा वाटा साधारण 30 ते 50 टक्के असतो, तो कागदावर लिहून दोघांची सही. आणि विकलं की आर्टिस्टचे पैसे ठरल्या तारखेला, मागायच्या आधी. बारक्या गावात एकाचे थकवलात की दुसऱ्या दिवशी सगळे आपापली चित्रं उचलून नेतात. दुकानाचा गल्ला आणि घरखर्च एकाच डब्यात असला की हे थकवणं सुरू होतं, आमच्यात पण यावरनंच भांडणं. मामंजी ओळखीचा दिसला की निम्म्या किमतीत देऊन टाकतात, चहा वर फुकट. म्हणून मी रेटकार्ड छापून दारातच लावलंय 😄

बाबांच्या चित्रांचं म्हणाल तर ती विकायला कशाला पाठवताय? आधी सगळ्यांचे फोटो नाहीतर स्कॅन करून घ्या. ताईंना त्यातली दोन-चार मागच्या भिंतीला लावू देत, त्यांच्या घरची म्हणून.

वडगावचा_हिशोबनीस
कागदपत्रांचं थोडक्यात. विकायला पाठवायचं तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर, काढावा लागतो, ऑनलाइन निघतो. हातानं काढलेलं मूळ चित्र कस्टमच्या 9701 कोडाखाली येतं, छापील प्रिंट वेगळ्या कोडात, दोन्ही एकत्र घालून नुसतं चित्रं असं लिहू नका, कस्टमला अडकतं. 100 वर्षांवरची वस्तू 1972 च्या कायद्यानं बाहेर पाठवता येत नाही, बाबांच्या चित्रांना तो प्रश्न नाही खरं जुनं दिसणारं काही असेल तर पुरातत्त्व खात्याचा दाखला जोडा. तिकडं व्हॅट 15 टक्के आहे, ड्यूटी वेगळी, म्हणजे इथली दोन हजाराची किंमत तिथं दोन हजार राहत नाही. तिथलं चलन ईसी डॉलर, ते अमेरिकन डॉलरला 2.70 वर 1976 पासून बांधलेलं आहे, त्यामुळं दराची धाकधूक रुपयाच्याच बाजूला.

भागीदारीचं मात्र जपून. निर्यात केली की पैसे ठरावीक मुदतीत बँकेत आले पाहिजेत, ताईकडं वर्षभर टांगलेलं न विकलेलं चित्र बँकेला दिसत नाही, त्यांना थकबाकी दिसते. आणि परदेशातल्या धंद्यात हिस्सा घ्यायचा तर रिझर्व्ह बँकेचे नियम लागतात, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा, शिवाय तो धंदा मर्यादित जबाबदारीचा पाहिजे, साधी घरगुती भागीदारी चालत नाही. बहिणीला मदतच करायची तर त्याच मर्यादेत सरळ भेट म्हणून पाठवा, नातेवाईक आहे, भानगड कमी.

शहापूरचा_धाकटा
रात्री ताईला व्हिडिओ कॉलवर सगळं वाचून दाखवलं. इंडियन कॉर्नर ऐकून भावजी जरा नाराज, ताई मात्र फ्रेमिंगवर एकदम खुश, लगेच मशीनच्या किमती बघायलीय. हिस्सा घेत नाही, मशीनचे पैसे भेट म्हणून पाठवतो, असं बोललोय. छप्पर पत्र्याचं आहे म्हणे, इन्शुरन्सवाल्याला बोलवणार आहे. काका, मशीन इथून न्यायचं का तिकडंच घ्यायचं?

फ्रेमवाले_काका
तिकडंच. नाहीतर अमेरिकेतनं मागव, पार्ट लवकर मिळतात. आणि विजेचं घेण्याआधी तिथला व्होल्टेज विचार. कोपरे कापायचं पायानं चालणारं मिळालं तर सगळ्यात बरं, वादळानंतर लाईट आठवडाभर नसली तरी काम थांबत नाही. ताई सुट्टीला आली की दुकानात पाठव, माउंट कापायला शिकवतो, मंगळवार सोडून कधी पण.