बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीआधीचा खिशातला खर्च : मदत हवी आहे
स्लीव्ह (वजन घटवायला जठराचा मोठा भाग काढून टाकायची सर्जरी) करायची आहे. बीएमआय ३७, शुगर आटोक्यात नाही, त्यामुळे पॉलिसीच्या ३५ च्या अटीत बसतं. ऑपरेशन कॅशलेस होईल. रडगाणं आहे ते आधीच्या बिलांचं. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, टूडी इको, स्लीप स्टडी, सगळं ओपीडीत आणि रोख. पॉलिसी भरतीआधीचे ३० दिवसच धरते. स्लीप स्टडीत अ‍ॅप्निया (झोपेत श्वास मध्येच थांबणं) निघाला, की सीपॅप (झोपताना मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावून काही आठवडे थांबवतात आणि पहिली बिलं मुदतीबाहेर! लिव्हर आक्रसावं म्हणून दोन आठवडे घ्यायची प्रोटीन पावडर तर क्लेममध्ये सहसा धरतच नाहीत.

आधी फक्त स्लीप स्टडी, बाकी तपासण्या तारीख पक्की झाल्यावर, असं सर्जन चालवून घेतात का? डाएटिशियनच्या बिलाला सर्जनची चिठ्ठी जोडली तर पास होतं का? आणि सीपॅप भाड्याने घेतलं तर मास्क वेगळा विकत घ्यावा लागतो का?