कंबरेचं ट्रॅक्शन : उपचार की नुसती ताणाताणी?

माळरान
कंबरदुखी जुनी झाली की आपल्याकडे वाट ठरलेली. एमआरआय, ‘एल-४ एल-५ला गादी सरकलीय’ (म्हणजे कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली), मग पट्टे बांधून ट्रॅक्शनच्या, म्हणजे मशीनने कंबर ताणायच्या टेबलावर आडवं व्हायचं. पॅकेजचे पैसे आधी! जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या, त्यात ट्रॅक्शनही नको आणि कमरेचा पट्टाही नको असं म्हटलंय. टेबलं भंगारात काढा.

सोनचाफा
पूर्ण वाचलंत का? त्या सूचना ठरावीक कारण न सापडणाऱ्या कंबरदुखीसाठी आहेत. माझ्या सासूबाईंची नस दबलेली, कळ पोटरीपर्यंत जायची. मशीन घरघरायचं, पट्टा आवळायचा, थोडं धरून सैल सोडायचा. उतरल्या की ओट्याशी उभ्या राहायच्या. ते काय नाटक होतं?

माळरान
नाटक कशाला? पण ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना काढणाऱ्या नाइस संस्थेने २०१६मध्ये सायटिका (नस दबून पायात जाणारी कळ) असो वा नसो, ट्रॅक्शन देऊ नका असंच सांगितलं. कॉक्रेन ही संस्था झालेल्या चाचण्या एकत्र तपासते, तिच्या २०१३च्या आढाव्यात ३२ चाचण्या होत्या, सायटिकावालेही होते. फरक जवळपास शून्य.

फिजिओ_सोलापूर
ताईंचा अनुभव खोटा नाही. ओढ असेपर्यंत मणक्यांतली फट किंचित वाढते. उभं राहिलं की वरचं वजन पुन्हा येतंच. (आणि तेवढा वेळ सासूबाईंना कुणी हाक मारली नाही, त्यानेही बरं वाटलं असेल.) खरं सांगू? पेशंटला मशीन हवं असतं. नुसता व्यायाम शिकवला की ‘एवढ्याचेच पैसे?’ म्हणतात. गादीचं म्हणाल, तर २०१५च्या एका मोठ्या आढाव्यात काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीत ९६ टक्के. रिपोर्ट बघूनच माणसं वाकायला घाबरतात, आणि मग कंबर आणखी आखडते.

ताठकणा
ट्रॅक्शन गेलं खड्ड्यात. पोक काढून लॅपटॉपवर बसायचं आणि मशीनला शिव्या द्यायच्या! पोश्चर सुधारा, निम्मी दुखणी जातील.

फिजिओ_सोलापूर
निम्मी कुठून काढलीत? एकच ‘बरोबर’ बैठक अजून कुणी सिद्ध केलेली नाही. ताठ बसा, रेलून बसा, पण तासन्‌तास तसेच राहू नका. उठा, चाला.

बांधावरून
हे सगळं खुर्चीवाल्यांचं. ऊसतोडीतल्या बाईने दिवसभर वाकून कोयता चालवायचा, वर डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरवर चढवायची. तिला कुठलं पोश्चर शिकवणार? मोळीचं वजन कमी करा म्हणणारा डॉक्टर मला तरी भेटला नाही.

ताठकणा
मुद्दा बरोबर, पण धागा भरकटतोय.

फिजिओ_सोलापूर
मला नाही वाटत भरकटतोय. आणि ताई, लघवी अडली, बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेना, तर टेबल-व्यायाम दोन्ही सोडून त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

सोनचाफा
तसं काही नाही, देवाची कृपा. पण चालायला म्हटलं की सासूबाई गुडघे पुढे करतात. त्यांना टेबलच हवंय. तुम्हीच येऊन सांगा.