लिसा फॉन्साग्रीव अशी उभी कशी राहायची?

रानजाई:
फोटोग्राफर अर्विंग पेनने १९५० मध्ये पॅरिसला काढलेला मॉडेल लिसाचा फोटो आठवडाभर बघतेय. रोशा या पॅरिसच्या फॅशन कंपनीचा झगा, गुडघ्यापर्यंत अंगालगत आणि खाली माशाच्या शेपटीसारखा पसरलेला. मागे नुसता मळकट पडदा. बहिणीला पैठणी नेसवून तशीच उभी केली, तर ती अगदीच ताठ दिसते. कुठे चुकतंय?

जुना निगेटिव्ह:
आधी उजेड बघा. पेनने तेव्हा व्होजिरार रस्त्यावर एका इमारतीचा सगळ्यात वरचा मजला घेतला होता. फ्लॅश नाही, उत्तरेकडून येणारा दिवसाचा उजेड. पडदा नाटकाचा, टाकून दिलेला. उत्तरेच्या उजेडात सावली कडक पडत नाही, कापडाची चुणी न् चुणी दिसते.

दुसरं, कॅमेरा. त्याच्याकडे रोलिफ्लेक्स होता. मी सांगलीत ३१ वर्षं स्टुडिओ चालवला, सुरुवात याशिका मॅटवर केली, तोही त्याच जातीचा. गळ्यात अडकवायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. भिंग पोटाच्या उंचीला येतं, माणूस उंच दिसतो. तुम्ही मोबाइल डोळ्यांपाशी धरला असणार. शिवाय मान खाली असली की समोरचा बुजत नाही. किती नवऱ्या मुली तेवढ्यानेच मोकळ्या झालेल्या पाहिल्यात मी!

घुंगरू:
काकांचं पटलं. पण लिसा मुळात नर्तिका होती. जन्म १९११, स्वीडनमधला, नाच शिकायला पॅरिसला आलेली. म्हणजे या फोटोत ती ३९ वर्षांची आहे! पेनशी तिचं लग्नही त्याच वर्षी झालं. फोटोग्राफर ब्लूमेनफेल्डने १९३९ मध्ये काढलेला तिचा फोटोही बघ: आयफेल टॉवरच्या अगदी कडेला, एका हाताने लोखंड धरलेलं, झग्याचा घेर वाऱ्यावर. मॉडेलिंग म्हणजे न हलता केलेलं नृत्य, असं ती मानायची.

मी भरतनाट्यम शिकवते. वजन एका पायावर गेलं की कंबर, खांदा, मान आपोआप वळतात. दोन्ही पायांवर सारखं ठेवलं की खांबच होतो. बहिणीला ‘उभी राहा’ म्हणू नकोस. चार पावलं चालू दे आणि चालता चालता टिप.

रानजाई:
काल जिन्यातल्या उत्तरेच्या खिडकीपाशी, मोबाइल कमरेशी धरून काढले. तिसऱ्या पावलाला पदर सावरायला तिने मान वळवली आणि अख्खा काठ उजेडात आला. काका, पदरावरचे मोर मोजता येतायत!