'देवाला कोणी बनवलं?' आणि नास्तिकांचे इतर हुकमी प्रश्न

वाटसरू
'प्रत्येक गोष्टीला कर्ता लागतो, मग देवाला कोणी बनवलं?' एवढं विचारून विजयी मुद्रेने निघून जाणाऱ्यांसाठी हा धागा. मी ख्रिस्ती आहे. प्रत्येक गोष्टीला कर्ता लागतो असं थॉमस अक्वायनस हा मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ म्हणतच नाही. जे आपल्या असण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून आहे त्याला कारण लागतं, आणि ही साखळी शेवटी स्वयंभू अशा कशावर तरी टेकते, हे त्याचं म्हणणं. पटवून घेऊ नका, पण न केलेला दावा खोडण्यात काय मर्दुमकी?
आणि विज्ञानामुळे देव रिटायर झाला म्हणणाऱ्यांनो, विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ साली मांडणारा जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता.

तर्ककर्कश
त्याच लमेत्रला, १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्या सिद्धान्तात सृष्टिनिर्मितीला दुजोरा शोधला, तेव्हा ते रुचलं नव्हतं. ते सोयीस्कररीत्या गाळलंत!
स्वयंभूच हवं तर विश्वालाच स्वयंभू म्हणा की. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९५२ साली सूर्याभोवती फिरणाऱ्या किटलीचं उदाहरण दिलं होतं : दुर्बिणीलाही न दिसणारी किटली आहे असा दावा मी केला, तर ती नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची नव्हे. देवाचंही तेच.

वाटसरू
लमेत्रबद्दल मान्य, तो देवाचा पुरावा नाही. विज्ञान आणि श्रद्धा एका डोक्यात नांदतात, इतकंच म्हणायचं होतं. किटली मात्र विश्वातली आणखी एक वस्तू. देवाबद्दलचा दावा तसला नाही. विश्व मुळात का आहे, हा प्रश्न किटलीने सुटत नाही.

निशाचर
हे सगळं बुद्धिबळ झालं. खरा प्रश्न दुःखाचा. १ नोव्हेंबर १७५५, पोर्तुगालमधलं लिस्बन. सर्व संतांचा सण, चर्चेस भरलेली, आणि भूकंप. छप्परं प्रार्थना करणाऱ्यांच्याच डोक्यावर आली. माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं म्हणून पाप आलं, हे खुनाला लागू पडेल. भूकंपात कुणाची इच्छा? वणव्यात भाजून दिवसेंदिवस तडफडणाऱ्या हरणाच्या पाडसाचं काय? तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी १९७९ मध्ये नेमकं हेच विचारलंय.

वाटसरू
इथे माझ्याकडे छापील उत्तर नाही, आणि जो देतो त्याच्यापासून मीही चार हात लांब राहतो. 'त्यांचं पाप असेल' हे स्पष्टीकरण तर येशूनेच झटकलंय. यरुशलेममधला शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली. ती इतरांहून जास्त पापी होती असं वाटतं का, असं तो विचारतो आणि 'नाही' म्हणतो (बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान म्हणजे येशूचरित्र, अध्याय १३). बायबलमधल्या ईयोबावर निष्पाप असूनही संकटं कोसळतात, पण त्यालाही कारण मिळत नाही. कारणं पुरवणाऱ्या त्याच्या मित्रांवरच देव रागावतो. आमचा देव वरून बघत बसला नाही, वधस्तंभावर गेला. 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हा आक्रोश शुभवर्तमानातच आहे.

निशाचर
तो सोबत रडला, कबूल. पण थांबवू शकणारा थांबवत नाही आणि शेजारी बसून रडतो, याने पाडसाला काय मिळालं?

वाटसरू
रडण्यावर सगळं संपलं असेल तर काहीच नाही. म्हणून सगळी भिस्त पुनरुत्थानावर. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असं येशूचा प्रेषित पौल यानेच करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलंय. भांडायचं तर तिथे भांडू.

तर्ककर्कश
चालेल. मग येशूचं चरित्र लिहिणाऱ्या मार्कापासून सुरू करू. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत, सिनायटिकस आणि व्हॅटिकेनसमध्ये, त्याचं शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर संपतं : कबर रिकामी, बायका घाबरून पळतात, उठलेला येशू कुणालाच भेटत नाही. पुढची बारा वचनं कुठून आली, ते आधी सांगा.