ग्रिल बदलणं एवढंच डिझाइन नव्हे
दादा, 'स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन एकच गाडी, नुसता बिल्ला वेगळा' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. खालचा सांगाडा एकच, व्हीलबेसही (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) दोन्हींचा २६५१ मिमी, हे मान्य. पण मागून बघा. टायगुनचा दिवा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, २०२१ मध्ये आलेल्या कुशाकचे दोन दिवे वेगवेगळे. पुढे कुशाकला उभ्या पट्ट्यांची ग्रिल, टायगुनला आडवी.

एकाच सांगाड्यावर वेगळे चेहरे चढवायची ही रीत जुनी आहे. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२७ मध्ये डिझायनर हार्ली अर्ल यांच्याकडे 'आर्ट अँड कलर' विभाग दिला. शेवरलेपासून कॅडिलॅकपर्यंतच्या गाड्यांची रूपं तिथंच ठरू लागली. पत्रा दाबायच्या डाय, म्हणजे साचे, फार महाग, म्हणून आतला सांगाडा अनेक ब्रँडांत वाटून घ्यायचा. नाक, मडगार्ड, शेपटी मात्र ज्याची त्याची. अर्ल तर आकार मातीत घडवून बघायचे. आजही कॉम्प्युटर असून मातीचं मॉडेल सुटलेलं नाही.

का सुटत नाही, हे मला माहीत आहे. मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने बनवतो. ड्रॉइंगवर बरोबर दिसलेली गोलाई लाकडावर तळवा फिरवला की खटकते. आमचं काम कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, तिथं दिसण्याला किंमत नाही, तरी हात सांगतोच. मग ज्याला एकाच सांगाड्यावर दोन घराण्यांचे चेहरे चढवायचेत, त्याचं कसब केवढं असेल!

संध्याकाळी चन्नम्मा सर्कलला या दोन गाड्या शेजारी दिसल्या तर बाजूच्या पत्र्यावरून उजेड कसा सरकतो, तेवढं बघा आणि इथं लिहा.