अर्जदारच गेला तर भरपाईची केस संपते का? सोमवारच्या आत उत्तर हवे आहे

सुनंदा_के
दादाची नुकसानभरपाईची केस कामगार न्यायालयात चालू होती. तो वारला. वकील म्हणतात, अर्जदारच राहिला नाही, केस निकालात निघेल, मालक दीड लाख देतोय ते घेऊन टाका. पाचशेच्या स्टॅम्पवर वहिनीची सही हवी आहे, सोमवारपर्यंत. घ्यावेत की नाही, एवढंच सांगा. सांत्वन नको, ते खूप झालं.

खडकीकर
ताई, एवढ्यावर कोणी काय सांगणार? अपघात केव्हाचा? मृत्यू त्याच दुखण्याने की दुसऱ्या कशाने? वय, पगार? आणि सगळ्यात आधी, ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, कार्ड होतं का?

माळावरचा
वकिलाच्या नादी लागू नका, थेट ईएसआयच्या ऑफिसात जा. माझा मेहुणा फौंड्रीत वारला, तेव्हा बहिणीला आणि पोरांना पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने दरमहा पैसे सुरू झाले. एकरकमी पैसा घरात टिकत नाही, चार दिवसांत नातेवाईक गोळा होतात.

सुनंदा_के
ईएसआय नाही. शेडमध्ये सात-आठच माणसं. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम. जानेवारी २०२४ मध्ये त्याला गळती काढायला छपरावर चढवलं, पत्रा फुटला, खाली आला. सप्टेंबर २०२४ मध्ये गेला.

माळावरचा
सात-आठ हे मालक म्हणतो. पगारपत्रकात नसलेली माणसं मोजा. दहा भरली की ईएसआय लागू होतो.

खडकीकर
ते खरं असलं तरी सोमवारी सही मागताहेत, आत्ता तो वाद नको. ताई, मधल्या आठ महिन्यांत काय झालं ते सांगितलंच नाहीत.

सुनंदा_के
मला वाटलं सांगितलं. मणका गेला, कमरेखाली काहीच कळायचं नाही. घरीच खाटेवर. वहिनी दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री मोबाइलचा गजर लावून. तरी माकडहाडावर जखम झाली, हाड दिसायला लागलं. शेवटी दवाखान्यात नेला, पाचव्या दिवशी संपला. सर्टिफिकेटवर लिहिलंय हृदयक्रिया बंद पडून. मालक तेच दाखवतो, हार्टने गेला, माझा काय संबंध.

रानवारा
वारस नोंद केलीत का? सातबाऱ्यावर दादाचं नाव असेल तर तलाठ्याकडे आधी अर्ज द्या, पुढे फार त्रास होतो. आमच्याकडे तीन वर्षं गेली.

सुनंदा_के
जमीन नाही आम्हाला. कृपया विषयावर बोला.

वकीलपत्र
लेबर कोर्टात काम करते, म्हणून लिहिते. सही अजिबात करू नका. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तांकडेच, म्हणजे ही केस चालवणाऱ्या न्यायाधीशांकडेच, भरायची असते. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत, आणि हक्क सोडल्याचा करार कलम १७ प्रमाणे रद्दबातल. तरीही तो कागद उलटतपासणीत वहिनींच्या तोंडावर मारतात, म्हणून नकोच.
हृदय सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं. सर्टिफिकेटवर त्या ओळीखाली काय लिहिलंय ते वाचा. दवाखान्याने भरलेल्या फॉर्म ४ ची, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची, नक्कलही मागा.
वय, पगार आणि घरात कोण कोण, ते अजून कळलं नाही.

खडकीकर
नवी सामाजिक सुरक्षा संहिता आली ना? २१ नोव्हेंबर २०२५ पासून. मग १९२३ चा कायदा कुठून लावता?

वकीलपत्र
अपघात आणि मृत्यू दोन्ही २०२४ चे. हक्क तेव्हाच उभा राहिला.

सुनंदा_के
वय ४०, पगार १४ हजार. वहिनी, दोन मुली, १४ आणि ९. आई आमच्यातच असते, वडील नाहीत.
फॉर्म सापडला. (अ) हृदयक्रिया बंद. (ब) सेप्टिसेमिया, म्हणजे रक्तात जंतुसंसर्ग. (क) बेडसोर, मणक्याच्या जुन्या दुखापतीमुळे कमरेखाली लुळेपणा. हे आम्ही कधी वाचलंच नव्हतं.

वकीलपत्र
ताई, तुमची केस त्या तिसऱ्या ओळीत आहे. पत्रा, मणका, जखम, मृत्यू अशी साखळी डॉक्टरनेच लिहून दिली आहे. त्या डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागेल.
हिशेब असा. पगाराच्या निम्मे ७,००० गुणिले कायद्याने चाळिशीसाठी ठरवलेला गुणांक १८४.१७, म्हणजे १२,८९,१९०. वर १२ टक्के व्याज. अंत्यविधीचे ५,००० वेगळे. दवाखान्याचा खर्चही मागता येतो, बिलं ठेवली असतील तर. विधवा आई आणि अविवाहित मुलीही आश्रितांत येतात, आईंचं नाव विसरू नका.

खडकीकर
पण मूळ अर्ज शंभर टक्के अपंगत्वाचा असणार. तिथे ६० टक्के पगार धरतात, रक्कम १५ लाखांवर जाते. तोच अर्ज वारसांनी पुढे चालवावा. मृत्यूचा दावा कशाला?

वकीलपत्र
एकावरच विसंबू नका. समोरचा म्हणेल अपंगत्वाचा हक्क माणसाबरोबर गेला. वारसांची नावं जुन्या अर्जात लावून घ्या आणि मृत्यूचा दावाही मांडा. दोन्ही रकमा मिळणार नाहीत, पण एक दार बंद झालं तर दुसरं हवं. मृत्यूपासून दोन वर्षं म्हणजे सप्टेंबर २०२६, त्याच्या आत.

माळावरचा
आधी वकील बदला.

रानवारा
बदलू नका, जुने वकील एनओसी (ना-हरकत) द्यायला वर्ष घालवतात. आणि बँकेच्या पासबुकात २० रुपये (अपघात विमा) किंवा ४३६ रुपये (जीवन विमा) कापलेले दिसतात का बघा. पंतप्रधान विम्याचे दोन-दोन लाख असतात, लोकांना माहीतच नसतं.

वकीलपत्र
पासबुक जरूर बघा. वकिलाचं म्हणाल तर दादांनी सही केलेलं वकीलपत्र त्यांच्याबरोबरच संपलं. वहिनी ज्याला देतील त्याचं नवं.

सुनंदा_के
पासबुकात २०२३ च्या मे महिन्यात ४३६ आहेत, पुढच्या वर्षीचे नाहीत, तेव्हा खात्यात पैसेच नव्हते. वहिनीने मालकाच्या माणसाला दारातूनच परत पाठवलं. मंगळवारी दुसऱ्या वकिलांकडे जातोय, फॉर्म, बिलं, गादीच्या पावतीसकट. एक राहिलं, मुलींच्या वाट्याचे पैसे वहिनीच्या हातात येतात का? मोठीची फी जूनमध्ये आहे.

वकीलपत्र
अल्पवयीन मुलींचा वाटा आयुक्त बहुधा मुदत ठेवीत ठेवायला सांगतात. शिक्षणासाठी हवा तर अर्ज करावा लागतो. फीचं पत्रक आत्ताच शाळेकडून घेऊन ठेवा.